डावीकडून तिसरा

कस्तुराबाईच्या घरात नवऱ्याचा फोटो होता, पण त्या फोटोत नवरा दिसत नव्हता. गाडी दिसत होती. मिलिटरीची तीन टनी गाडी, समोरून काढलेली. रुंद नाक, दोन बाजूंना सपाट मडगार्ड, वर ताणून बांधलेली ताडपत्री. पुढच्या पट्टीवरचा नंबर तर इतका स्वच्छ होता, की मोठेपणी आकडे शिकल्यावर कस्तुराबाईनं पहिल्यांदा वाचला तो तोच. गाडीच्या कडेला, मडगार्डला टेकून, एक जवान उभा होता. ऊन डोक्यावर असावं, कारण टोपीची सावली कपाळापासून हनुवटीपर्यंत उतरली होती, आणि त्या सावलीत चेहरा म्हणून जे होतं ते नुसतं काळं होतं.

हा मुंजाबा, असं तिला सासऱ्यानं सांगितलं होतं. तिनं ते मान्य केलं होतं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

मुंजाबा जन्मला पोलीस ॲक्शनच्या साली, म्हणजे अठ्ठेचाळीसला, चितेगावच्या अलीकडं, पैठण रस्त्यापासून आत असलेल्या एका वस्तीवर. घरात मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. पोराला मेंढरांचा लळा होता, पण रस्त्यावरून मोटार गेली की तो वळून बघायचा, आणि एकदा वळला तो वळलाच. पंधराव्या वर्षी औरंगाबादच्या मोंढ्यात एका ट्रकवर क्लीनर म्हणून लागला, अठराव्या वर्षी छावणीत भरती निघाली तेव्हा रांगेत जाऊन उभा राहिला. त्याला रसद पोचवणाऱ्या दळात ड्रायव्हर म्हणून घेतलं. बंदुकीपेक्षा पाना जास्त हातात असायचा, असं पुढं लोक म्हणायचे.

कस्तुराचं लग्न त्याच्याशी सत्तर सालच्या वैशाखात झालं. ती सोळा वर्षांची. लग्नाला फोटोवाला नव्हता. त्या वस्तीवर कुणाच्याच लग्नाला नसायचा. मुंजाबाला अठ्ठावीस दिवसांची रजा होती. पुढच्या वर्षी चैत्रात तो पुन्हा आला, दोन महिने राहणार म्हणून आला आणि तेविसाव्या दिवशी तार आली तसा परत गेला. सगळे मिळून एकावन्न दिवस. हा हिशेब तिनं त्या वेळी केला नव्हता. खूप नंतर, शाळेच्या व्हरांड्यात स्टुलावर बसलेली असताना, एका रिकाम्या दुपारी बोटांवर मोजून केला.

आणि एकावन्न दिवस म्हणजे काही एकावन्न दिवसांची गाठभेट नव्हे. घरात आठ माणसं. सासऱ्यासमोर नवऱ्याशी बोलणं म्हणजे निलाजरेपण. डोक्यावरचा पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला. मुंजाबा दिवसभर रानात, अंधार पडला की मेंढरांच्या राखणीला बाहेर. मध्ये जो काही थोडा वेळ दोघांच्या वाट्याला आला तो अंधारातला. तिनं त्याच्याकडं दिवसाउजेडी धडपणे बघितलं असेल ते एकदाच. एका मेंढीच्या खुरात काटा मोडला होता. मुंजाबा लिंबाखाली तिला मांडीवर घेऊन बसला आणि अख्खी दुपार सुईनं तो काटा काढत राहिला. काढता काढता मेंढीशी बोलत होता. हलक्या आवाजात, समजूत घातल्यासारखं. कस्तुरा पाणी घेऊन तीनदा तिथून गेली. त्यानं मान वर केली नाही. तिला त्याचे हात आठवत होते, वाकलेली मान आठवत होती, तो आवाज तर कालचा वाटावा इतका आठवत होता. पण चेहरा खालीच होता.

एकाहत्तरच्या डिसेंबरात तार आली. दोन महिन्यांनी पेटी आली. पेटीत दोन गणवेश, दाढीचं सामान, एक पितळी डबा, पाण्यानं भिजून पानं एकमेकांना चिकटलेलं पेबुक, म्हणजे जवानाचं पगाराचं पुस्तक, आणि हा गाडीचा फोटो. पेबुकाच्या पहिल्या पानावर मुंजाबाचा छोटा फोटो चिकटवलेला होता, पण पाण्यानं तो धुऊन कोरा पांढरा झाला होता. बऱ्याच वर्षांनी तिनं शाळेतल्या बाईंकडून एक अर्ज लिहून घेतला आणि भरतीच्या वेळचा तरी फोटो मिळावा म्हणून पाठवला. उत्तर आलं की एवढे जुने कागद सापडत नाहीत.

वर्ष उलटल्यावर बाप तिला न्यायला आला. दुसरं घर बघतो म्हणाला. तिनं नाही म्हटलं. लोकांनी त्याचा अर्थ लावला की पोरीचा जीव होता नवऱ्यावर. खरं म्हणजे तसं नव्हतं. जीव जडायला वेळच कुठं मिळाला होता? तिला पुन्हा एकदा अनोळखी घरात, पदर डोळ्यांवर ओढून जायची धास्ती वाटली, एवढंच होतं. पण लोकांचा अर्थ मोठा होता आणि तिला तो सांभाळावा लागला. शहीद जवानाची विधवा म्हणून तिला शहरातल्या मुलींच्या शाळेत शिपायाची नोकरी मिळाली. तिथं ती लिहायला-वाचायला शिकली, घंटा वाजवत, पाणी भरत, मुलींचे डबे राखत म्हातारी झाली आणि साठाव्या वर्षी नारळ घेऊन घरी आली. घर म्हणजे गारखेड्यातल्या दोन खोल्या. सासू-सासरे, दीर कधीच गेले होते, दिरांची पोरं कारखान्यात लागली होती, दिवाळीला फोन करायची. शाळा होती तोवर दिवसभर कानात पोरींचा गलका असायचा. आता सकाळी उठलं की कुकरची शिट्टी, आणि मग संध्याकाळपर्यंत काही नाही. शेजारच्या आवडाबाईंच्या दारात थोडा वेळ बसायची. त्यांच्याकडं नातवंडं होती. जास्त बसलं की त्यांच्या कामात अडथळा होतो, हे तिला कळायचं, म्हणून उठायची.

निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी विजय दिवसाच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. माजी सैनिकांच्या एका मंडळानं एकाहत्तरच्या वीरपत्नींना शाल आणि श्रीफळ द्यायचं ठरवलं होतं. कार्यक्रम संपल्यावर एक गृहस्थ मंचावर आले आणि म्हणाले, की ते युद्धकाळातल्या लष्करी गाड्यांचे जुने फोटो जमवतात, कुणाच्या घरी असतील तर बघायला द्यावेत, ते परत करतील. त्यांचं नाव आप्पासाहेब. वाळूजच्या एका कारखान्यात तीस वर्षं टूलरूममध्ये काढून निवृत्त झालेले, बजाजनगरात राहणारे. कस्तुराबाई त्यांच्यापाशी गेली आणि म्हणाली, माझ्याकडं एक आहे.

दोन दिवसांनी ते आले. खांद्याला पिशवी, पिशवीत भिंग, वही, फूटपट्टी. फोटो भिंतीवरून उतरवून त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला आणि त्यांचा चेहरा उजळला. ही शक्तिमान आहे, म्हणाले. जबलपूरला बनलेली. अंगाला चिखल फासलाय बघा, वरून विमानाला दिसू नये म्हणून. दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलाय. नंबराच्या आधी हा बाण आहे, त्याचं टोक वर, त्याच्या पुढचे दोन आकडे वर्ष सांगतात. त्यांनी वहीत नंबर उतरवून घेतला, ताडपत्रीचे दोर मोजले, चाकांच्या नक्षीवर भिंग फिरवलं. कस्तुराबाई चहा घेऊन उभी होती. त्यांची नजर मडगार्डवरून बाजूला कधी सरकते, याची ती वाट बघत होती. शेवटी सरकली.

"हे तुमचे मिस्टर का?" त्यांनी विचारलं.

ती हो म्हणाली. ते थोडे ओशाळले. चेहरा आलेला नाही नीट, म्हणाले, आणि पुन्हा गाडीकडं वळले. तिला त्यांचा राग आला नाही. चाळीसहून अधिक वर्षांत त्या फोटोकडं इतका वेळ बघणारं दुसरं कुणी तिच्या घरात आलं नव्हतं.

फेब्रुवारीत आप्पासाहेब पुन्हा आले, या वेळी धापा टाकत. नगरच्या एका सुभेदाराच्या घरचा जुना अल्बम त्यांच्या हाती लागला होता. त्यातला एक फोटो त्यांनी मोठा करून आणला होता. तीच गाडी, तोच नंबर. मागच्या बाजूला पेनानं लिहिलेलं, पठाणकोट, नोव्हेंबर १९७१. गाडीचं पुढचं एक चाक काढून बाजूला टेकवलेलं होतं, आणि आप्पासाहेबांना त्याचंच अप्रूप होतं. चाक काढलेल्या अवस्थेत या गाडीचा पुढचा आस त्यांनी कुठल्याच फोटोत पाहिला नव्हता. कुणीतरी गाडीखाली काम करतंय, त्याचे बूट बाहेर आलेत, असं ते म्हणाले. पण कस्तुराबाईचं लक्ष तिकडं नव्हतं. गाडीच्या पुढं सहा जवान ओळीनं उभे होते. सहाही चेहऱ्यांवर स्वच्छ उजेड होता.

"बघा ताई," आप्पासाहेब म्हणाले. "यातले तुमचे कोणते?"

ती बघत राहिली. पहिल्यापासून सहाव्यापर्यंत गेली, सहाव्यापासून पहिल्यापर्यंत आली. छातीत काहीतरी हलेल, एखादा चेहरा पुढं येईल, असं तिला वाटलं होतं. काहीच हललं नाही. सगळे बावीस-चोवीस वर्षांचे, शाळेत पालक म्हणून येणाऱ्या पोरसवदा बापांसारखे. सहा परके पुरुष तिच्याकडं बघत होते. ज्या नवऱ्यासाठी शाल घेतली, ज्याच्या नावावर नोकरी केली, जन्म काढला, तो समोर उभा आहे आणि तो कोणता हे तिला सांगता येत नाही.

आप्पासाहेब वाट बघत होते. तिनं बोट ठेवलं. डावीकडून तिसऱ्यावर.

का, ते तिलाही सांगता आलं नसतं. बाकीचे पाच जण फोटोसाठी उभे होते. हा एकटा हसत होता. टोपी जरा मागं सरकलेली, दात दिसत होते, आणि नजर कॅमेऱ्याकडं नसून खाली कुठंतरी होती.

आप्पासाहेब खूष झाले. तो फोटो त्यांनी तिच्यासाठीच आणला होता. ते गेल्यावर तिनं तो देव्हाऱ्याच्या शेजारी लावला आणि जुना काढून कपाटात ठेवला.

पुढचे तीन आठवडे कस्तुराबाईच्या आयुष्यात कधी आले नव्हते असे गेले. सकाळी चहाचा कप घेऊन ती फोटोसमोर बसायची. आधी लाजत, मग न लाजता त्याच्याकडं बघायची. हा एवढा हसरा होता तर आपल्याशी का नाही हसला, असं मनात यायचं, आणि मग तीच उत्तर द्यायची, की घरात आठ माणसं होती, हसणार कुठं? आवडाबाईंच्या दारात बसून तिनं पहिल्यांदा नवऱ्याबद्दल बोलायला सुरुवात केली. लई हसायचे, म्हणाली. म्हणताना तिला ते खरंच वाटलं. एक दिवस बाजारातून येताना तिनं शेवंतीची वेणी घेतली. माळली नाही, फोटोला घातली, पण घेताना मात्र निराळंच काहीतरी मनात होतं. या वयात हे काय, असं म्हणून ती स्वतःशी हसली, आणि त्या हसण्यानं दचकली.

कारण आत कुठंतरी शंका होतीच. दिवस जातील तशी ती वाढत गेली. वेणी घातलेल्या चेहऱ्याकडं बघताना तिला आपण कुणाची तरी वस्तू उचलून आणल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी तिनं आप्पासाहेबांना फोन केला आणि विचारलं, की या फोटोतलं कुणी हयात आहे का, मला त्यांच्याकडून जरा यांची हकीकत ऐकायची आहे. शंकेचं बोलली नाही. आप्पासाहेबांनी माजी सैनिकांकडं चौकशी केली. त्याच तुकडीतला एक नाईक फुलंब्रीच्या पुढं एका गावात राहत होता. नाव रामकिसन. मुंजाबाच्याच गाडीवर दुसरा ड्रायव्हर होता म्हणे. आप्पासाहेब बरोबर यायला तयार होते. तिनं नको म्हटलं.

चैत्रातल्या एका सकाळी ती एसटीनं निघाली. फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातला होता. गावच्या फाट्यावर उतरून अर्धा तास चालली. रामकिसनचं घर गावाबाहेर, पेरूच्या बागेला लागून. तो बाजेवर बसला होता. सत्तरीचा माणूस, पाठीत वाकलेला, तोंडात दात उरले नव्हते, एका डोळ्यावर मोतीबिंदूची साय. मुंजाबाची बायको म्हटल्यावर तो बाजेवरून उठायची धडपड करायला लागला. तिनं बसा म्हटलं तरी उभा राहिला. सुनेनं सतरंजी टाकली, पाणी दिलं आणि ती बागेत निघून गेली.

तब्येतीचं विचारून झालं, गावाचं, पावसाचं बोलून झालं. मग तिनं फोटो काढून त्याच्या हातात दिला. त्यानं तो बऱ्या डोळ्याच्या अगदी जवळ धरला. मग डावीकडून सुरुवात केली. हा पहिला साताऱ्याकडचा, कुस्ती खेळायचा. हा दुसरा बिहारचा, त्याच्या हातच्या डाळीला तोड नव्हती. तिसऱ्यावर त्याचं बोट थांबलं नाही, सरळ चौथ्यावर गेलं. चौथा, पाचवा, सहावा. तिघांची नावं घेतली, त्यातले दोघं पुढं वारले म्हणाला.

कस्तुराबाईनं पुढं वाकून तिसऱ्यावर बोट ठेवलं. "आन् हे?"

"हा मी हाय, वहिनी," रामकिसन म्हणाला.

ती तशीच वाकलेली राहिली. बागेत सून पेरूच्या आळ्याला पाणी सोडत होती, पाटातून पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता. तिनं बोट उचललं. मग समोर बघितलं. बसलेली गालफडं, साय आलेला डोळा, दातांशिवायचं तोंड. त्यात तो फोटोतला चेहरा ती शोधायला लागली, आणि आपण शोधतोय हे ध्यानात आल्यावर तिनं नजर खाली घेतली. पदर कपाळावर ओढून घेतला. किती तरी वर्षांत तिनं तसा ओढला नव्हता.

रामकिसन जुन्या काळचा माणूस असला तरी अडाणी नव्हता. फोटोच्या चौकटीच्या कोपऱ्याला वेणीचा एक सुकलेला तुरा अडकून राहिला होता. तो त्यानं बघितला, आणि त्याला कळलं.

"तुमी मला मुंजाबा समजल्या व्हत्या," तो हळूच म्हणाला.

तिनं मान हलवली. मग तिच्या तोंडून आपोआप सगळं बाहेर आलं. पेबुकातला धुतला गेलेला फोटो, एकावन्न दिवस, आप्पासाहेबांसमोर ठेवलेलं बोट. कुणापुढंच बोलली नव्हती ते एका परक्या माणसापुढं बोलली. मला त्यांचा चेहरा आठवत नाही भाऊजी, असं म्हणताना तिचा आवाज अगदी कोरडा होता. रामकिसन मान खाली घालून ऐकत राहिला. तिचं संपलं तेव्हा त्यानं फोटो पुन्हा उचलला.

"मंग ह्यात ते हायेतच नाय का?" तिनं विचारलं.

"हायेत ना." त्यानं नख फोटोच्या खालच्या कडेपाशी नेलं. काढलेल्या चाकाच्या जागेखालून दोन बूट बाहेर आलेले होते. तळवे कॅमेऱ्याकडं, एका बुटाची नाडी सुटलेली. "हे मुंजाबाचे पाय. सुभेदारसाहेबांनी दोनदा हाक मारली, फोटो काढायलोय, बाहेर ये. खालून म्हणला, नट बसला की येतो, तवर तुमी हसून घ्या. मी त्यालाच हसायलो व्हतो. बघा, मपली नजर खालीच हाय."

तिनं बघितलं. खरंच खाली होती, बुटांकडं.

मग रामकिसन सांगत बसला. मुंजाबा सदा गाडीखाली असायचा. दुसऱ्याची गाडी बिघडली तरी हाच शिरायचा. आणि काम करताना गाडीशी बोलायचा, हलक्या आवाजात, असं काय करतीस, जरा दम धर, झालंच आता. आम्ही त्याला हसायचो, म्हणायचो ह्याच्या घरी मेंढरं आहेत, त्याला गाडी बी मेंढरूच वाटते. हे ऐकताना कस्तुराबाईचे डोळे भरून आले. तो आवाज तिला ठाऊक होता. लिंबाखालचा तो माणूस आणि हा गाडीखालचा माणूस एकच होता, याबद्दल तिला तसूभर शंका राहिली नाही.

शेवटचं तिनं विचारलं नव्हतं, तरी त्यानं सांगितलं. जम्मूकडच्या सांब्याच्या पुढं, सरहद्दीपलीकडं एका नाल्याजवळ. माल उतरवून गाड्या परत फिरल्या होत्या. धुकं होतं. पुढची गाडी रुतून अडकली, तसा मुंजाबा उतरला आणि तिच्याखाली शिरला. रामकिसन स्टेअरिंगवर बसून होता. तोफेचा गोळा त्या गाडीच्या अंगावरच पडला. त्याला काही कळलंही नसेल, असं रामकिसन म्हणाला, आणि ते त्यानं दोनदा म्हटलं.

तिला दोन गोष्टी विचारायच्या होत्या. पहिली विचारायला तिनं वेळ घेतला. "घरचं काय बोलायचे का कधी?"

खोटं बोलायला सोपं होतं, आणि रामकिसनच्या मनात ते आलंही असावं, कारण त्यानं एकदा तोंड उघडून मिटलं.

"नाय वहिनी. कुणीच घरचं काढत नव्हतं तिथं. काढलं की हात ढिले पडायचे."

दुसरी गोष्ट तिनं लगेच विचारली. "दिसायला कसे व्हते?"

म्हाताऱ्यानं बरा डोळाही मिटला. ओठ हलले. उंची माझ्याएवढीच, म्हणाला. रंग सावळा. मग थांबला. पुन्हा प्रयत्न केला, कपाळावर आठ्या आल्या. शेवटी डोळा उघडून तो तिच्याकडं न बघता बागेकडं बघत बोलला.

"चव्वेचाळीस वर्सं झाली. हात येत्यात डोळ्याम्होरं. त्वांड नाय येत आता."

जगात मुंजाबाचा चेहरा माहीत असलेली ही बहुधा शेवटची दोन माणसं होती, आणि दोघांनाही तो येत नव्हता. सुनेनं जेवायला वाढलं. कस्तुराबाई दोन घास जेवली. निघताना रामकिसननं पिशवीत पेरू घालायला लावले आणि काठी टेकत फाट्याच्या वाटेपर्यंत सोडायला आला. पुन्हा या, म्हणाला. तिनं येते म्हटलं. दोघांनाही ठाऊक होतं की ती येणार नाही. ज्या चेहऱ्याला तिनं वेणी घातली होती त्याच्यासमोर पुन्हा बसणं तिला जमलं नसतं.

एसटीत तिला खिडकीशी जागा मिळाली. फुलंब्री गेलं, चौका गेला, शहराची घरं लागली. तिला रडू येईल असं वाटत होतं, ते आलं नाही. नवरा दुसऱ्यांदा गेला असं काहीसं वाटत होतं, आणि या खेपेला तो गेल्याचं सांगायलाही कुणी नव्हतं. आवडाबाईंना काय सांगणार? तीन आठवडे ती त्यांच्यापाशी ज्याच्या हसण्याच्या गोष्टी करत होती, तो फुलंब्रीच्या पुढं पेरूच्या बागेत जिवंत बसला होता.

घरी आल्यावर तिनं देव्हाऱ्याशेजारचा खिळा उपटून काढला. फोटो फेकावा असं मनात आलं नाही. दोन दिवस तो पलंगाखाली पेटीवर पडून राहिला. तिसऱ्या दिवशी तिनं तो खिडकीजवळच्या भिंतीवर, जिथं कॅलेंडर असायचं तिथं लावला. पहिले काही दिवस नजर सवयीनं हसऱ्या चेहऱ्याकडं जायची आणि तिला कानकोंडं वाटायचं. मग ती हट्टानं खाली बघायची. हळूहळू तिला त्या दोन बुटांतलं बरंच काही दिसायला लागलं. डावा पाय जरा बाहेर वळलेला. उजव्याची टाच आतल्या बाजूनं झिजलेली. म्हणजे चालताना तो उजव्या पायावर भार टाकत असणार. हे तिला पत्नी म्हणून कधी माहीत नव्हतं.

आप्पासाहेबांना मात्र तिनं सगळं सांगितलं. फोनवर नाही, बजाजनगरला त्यांच्या घरी जाऊन. बोलताना तिला वाटलं होतं की ते हसतील किंवा कीव करतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. ते भिंग घेऊन त्या बुटांवर वाकले आणि खूप वेळ वाकलेले राहिले. मग म्हणाले, की मी या फोटोतला आस मोजला, नट मोजले, पण हा माणूस मी बघितलाच नाही.

सप्टेंबरात, मराठवाडा मुक्तिदिनाच्या आठवड्यात, शहरातल्या एका कॉलेजच्या सभागृहात आप्पासाहेबांच्या संग्रहाचं प्रदर्शन भरलं. साठ-सत्तर फोटो होते. जीप, तोफा ओढणाऱ्या गाड्या, पाण्याचे टँकर, पुलाचं सामान वाहणारे ट्रक. प्रत्येकाखाली पाटी, पाटीवर गाडीचा प्रकार, वजन, बनावटीचं साल. कस्तुराबाईनं आप्पासाहेबांकडं एवढंच मागितलं होतं, की एका पाटीवर माणसांची नावं यावीत. रामकिसनकडून त्यांनी ती फोनवर उतरवून घेतली होती. गाडीच्या माहितीखाली डावीकडून उजवीकडं सहा नावं होती, आणि सातव्या ओळीत लिहिलं होतं, गाडीखाली शिपाई मुंजाबा.

ती पहिल्या दिवशी गेली, दुसऱ्या दिवशीही गेली. एका रखवालदारानं तिला खुर्ची दिली. लोक यायचे, फोटोसमोर क्षणभर थांबायचे, पुढं जायचे. काहीजण मोबाइलवर फोटो काढायचे, त्यांच्या मध्ये येऊ नये म्हणून ती खुर्ची जरा सरकवायची. सातवी ओळ कुणी वाचतंय असं तिला दिसलं नाही. तिला त्याचं फार वाईटही वाटलं नाही. इतकी वर्षं ती ओळ कुठं लिहिलेलीसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजातली एक मुलगी पाटीपाशी रेंगाळली. तिनं फोटोतली माणसं बोटानं मोजली, पुन्हा पाटी वाचली, पुन्हा मोजली. मग खुर्चीवरच्या म्हातारीकडं वळून तिनं विचारलं, की आजी, नावं सात आहेत आणि माणसं सहाच कशी?

कस्तुराबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. फोटोच्या खालच्या कडेशी बोट नेलं, पण काचेला लावलं नाही. मुलगी वाकून बघायला लागली. हे कोण तुमचे, असं तिनं विचारलं.

"मालक," कस्तुराबाई म्हणाली. "नट बसला की येणार व्हते."

मुलीला ते नीट कळलं नसावं, पण ती आणखी थोडा वेळ वाकून बघत राहिली. मग मैत्रिणीनं हाक मारली तशी गेली. कस्तुराबाई पुन्हा खुर्चीवर बसली. प्रदर्शन पाच वाजता बंद होणार होतं. रखवालदारानं खिडक्या लावायला सुरुवात केली, तेव्हा तिनं त्याला उद्या किती वाजता उघडणार ते विचारलं, पिशवी उचलली आणि गारखेड्याच्या बससाठी रस्त्यावर येऊन उभी राहिली.